‘भाडोत्री’ हा शब्द मागे घ्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण व्हिएतनाम युद्धावर दोन पाने दिलीत. लेख वाचनीय आहे, नकाशा तर कापून ठेवावा असा. पण दुसऱ्या पानावरच्या छायाचित्राखाली ‘अमेरिकेचे भाडोत्री डोंगरी टोळीवाले’ अशी ओळ आहे आणि अख्ख्या लेखात त्या माणसांबद्दल एवढेच चार शब्द आहेत. त्यातला ‘डोंगरी’ तेवढा बरोबर आहे.

मी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. व्हिएतनामच्या मध्य पठारावरचे हे लोक मात्र मला पुस्तकातून कळले नाहीत, वडिलांकडून कळले. वडील सैन्याच्या सिग्नल विभागात वायरलेस ऑपरेटर होते. जुलै 1954 मध्ये जिनिव्हा करार झाला, व्हिएतनामचे उत्तर आणि दक्षिण असे तात्पुरते दोन भाग झाले, आणि त्यावर देखरेख करायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्षपद भारताकडे आले. कॅनडा आणि पोलंड हे बाकीचे दोन सदस्य. त्या आयोगाच्या एका तुकडीबरोबर वडील दक्षिण व्हिएतनाममधल्या क्विन्योन बंदरावर होते. फ्रेंचांशी लढलेल्या, कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालच्या व्हिएत मिन्हच्या ताब्यातल्या मध्य किनाऱ्यावरचे सैनिक आणि कार्यकर्ते 300 दिवसांच्या मुदतीत उत्तरेकडे जायचे होते, ते इथूनच. पोलिश आणि रशियन जहाजे खोल पाण्यात उभी राहत आणि लहान नावांतून माणसे तिथवर जात.

त्या माणसांत डोंगरावरून उतरलेलेही होते. वडील सांगत, कानाच्या पाळ्या लांब ओघळलेल्या, पुढचे दात कानशीने घासून सपाट केलेले, आणि समुद्राकडे असे बघत उभे की जणू कुणी आभाळ खाली आणून ठेवलंय. नाव सुटली की नावेतले आणि काठावरचे एकमेकांना दोन बोटे उंच करून दाखवत. वडिलांना आधी वाटले ही चर्चिलसाहेबांची विजयाची खूण इथवर कशी पोचली! मग दुभाष्याने सांगितले, विजय वगैरे काही नाही. दोन वर्षे. जुलै 1956 मध्ये देशभर निवडणूक होणार, देश एक होणार, आणि आम्ही परत येणार.

ती निवडणूक झालीच नाही, हे आपल्या लेखात आहे. गेलेल्यांपैकी पुष्कळ जण परत आले, तेही लेखात असायला हवे होते. 1959 नंतर लाओसच्या जंगलवाटांनी, पाठीवर ओझे घेऊन, उत्तरेत शिक्षण घेऊन आपापल्या डोंगरात राजकीय काम करायला ते आले. दक्षिणेतल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या, कम्युनिस्टांच्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीचा एक उपाध्यक्ष ई बिह आलेओ हा डोंगरातल्या राडे जमातीचा माणूस होता. फ्रेंचांशी लढलेल्या नुप या बाहनार जमातीच्या गावकऱ्याला हनोईने, म्हणजे उत्तरेच्या सरकारने, ‘वीर’ म्हणून गौरवले. तेव्हा ‘अमेरिकेचे’ हा शब्द इथेच गळतो. एकाच लांबघरातला एक भाऊ या बाजूला आणि दुसरा त्या बाजूला, अशी ती लढाई होती.

आता नावाचे बघू. बाहेरचे या सगळ्यांना म्हणतात तो ‘मॉन्तान्यार’ हा फ्रेंच शब्द, त्याचा अर्थ नुसता ‘डोंगरात राहणारा’. व्हिएतनामी लोक त्यांना ‘मोई’ म्हणत, म्हणजे रानटी. त्यांची स्वतःची नावे वेगवेगळी: राडे, जाराय, बाहनार, कोहो, म्नोंग, सेदांग, स्तियेंग, ब्रू आणि अशी आणखी दोन डझन तरी. राडे आणि जाराय यांच्या भाषा मलाय भाषांच्या कुळातल्या. बाहनार आणि म्नोंग यांच्या ख्मेरच्या कुळातल्या. यांना ‘एक टोळी’ म्हणणे म्हणजे कुठल्याही दहा शेजाऱ्यांना एक कुटुंब म्हणण्यासारखे आहे. ते ‘एक’ झाले ते बाहेरच्यांनी एकाच नावाने मारायला सुरुवात केल्यावर, पण त्याकडे नंतर येते.

खरा मुद्दा जमिनीचा आहे आणि तिथे मला जरा थांबायचे आहे, कारण तो कळला की बाकीचे राजकारण आपोआप उलगडते. हे लोक फिरती शेती करत. जंगलाचा तुकडा तोडायचा, वाळल्यावर जाळायचा, राखेत टोकदार काठीने भोके पाडून भात टोकायचा. दोन-तीन पिके निघाली की तो तुकडा सोडून पुढच्यावर जायचे आणि दहा-पंधरा वर्षांनी रान पुन्हा दाट झाले की पहिल्यावर परत यायचे. म्हणजे कुठल्याही एका वर्षी गावाच्या जमिनीचा मोठा भाग जंगलासारखाच दिसणार. खाली सपाटीवर ओल्या भाताच्या खाचरांत वाढलेल्या किन्ह, म्हणजे बहुसंख्य व्हिएतनामी, माणसाला ती पडीक वाटणार. सायगॉनच्या, म्हणजे दक्षिणेच्या सरकारच्या, कागदात तर ती कोणाचीच नव्हती. राडे लोकांत मात्र तिचा मालक नसला तरी राखणदार ठरलेला असे आणि ती राखणदार बाई असे. तिला ‘पो लान’ म्हणत. कुळाच्या जमिनीची शीव पायी फिरून बघणे हे तिचे काम. मुळात राडे आणि जाराय मातृवंशीय: नाव आईचे, घर आईचे, लग्न झाले की नवरा बायकोच्या घरी नांदायला येणार आणि त्या जोडप्यासाठी घर एका खणाने लांब होणार. अशा समाजासमोर सरकारी कारकून सातबारासारखा कागद पुढे करतो आणि विचारतो, ‘मालक कोण? कुटुंबप्रमुखाचे नाव सांगा.’ घोळ तिथून सुरू होतो.

वचने मात्र सगळ्यांनी दिली. 1946 च्या एका उन्हाळ्यातच बघा. एप्रिलमध्ये हो ची मिन्ह यांनी प्लेकूला भरलेल्या अल्पसंख्याकांच्या परिषदेला पत्र पाठवले, की जाराय असो, एडे असो, किन्ह असो, सगळे एकाच व्हिएतनामची लेकरे. (एडे म्हणजेच राडे.) सव्वा महिन्यात, मेच्या अखेरीस, फ्रेंच उच्चायुक्ताने हा सगळा डोंगराळ भाग व्हिएतनामपासून वेगळा काढून थेट फ्रेंच अधिकाराखाली आणला. का, तर डोंगरी लोकांचे किन्ह लोकांपासून रक्षण करायला. ज्या फ्रेंचांशी म्नोंगांचा न्त्रांग लुंग 1920 च्या आधीपासून 1935 पर्यंत लढत राहिला, तेच आता पालक झाले. पुढे 1950 मध्ये तो प्रदेश सम्राट बाव दाई यांची खासगी जहागीर ठरला आणि 1951 मध्ये त्याला ‘विशेष दर्जा’ मिळाला. राजेसाहेबांना तिथली शिकार फार आवडे.

1955 मध्ये दक्षिणेचे नवे सत्ताधारी न्गो दिन्ह दिएम यांनी ती जहागीर मोडली. मोडली याचे दुःख नाही, पण तिच्याबरोबर डोंगरी लोकांची रूढीची न्यायालयेही गेली, शाळेतून त्यांच्या भाषा गेल्या, आणि 1957 पासून किनाऱ्यावरचे आणि उत्तरेतून आलेले निर्वासित हजारोंनी वर आणून त्याच ‘पडीक’ जमिनीवर वसवले गेले. निर्वासितांचाही त्यात दोष काय? त्यांना सरकारने सांगितले, जमीन मोकळी आहे.

तेव्हा 1958 मध्ये काही शिकलेले डोंगरी तरुण एकत्र आले. बहुतेक जण सरकारी नोकरीतलेच. त्यांचा पुढारी ई बाम एनुओल हा शेतकी खात्यातला राडे. त्यांनी चळवळीचे नाव ठेवले ‘बाजाराका’: बाहनार, जाराय, राडे आणि कोहो यांची पहिली अक्षरे. आपल्याकडच्या वाचकाला ते नाव ऐकून आठवडी बाजार आठवेल, पण त्या डोंगरातले ते पहिले सामाईक नाव होते आणि ते त्यांनी स्वतः निवडलेले होते. त्यांनी निवेदने दिली, सभा घेतली, स्वायत्तता मागितली. बंदूक नव्हती. पुढारी तुरुंगात गेले. ई बाम 1964 पर्यंत आत होता.

आता आपल्या छायाचित्राकडे येते. ते बहुधा पुढच्या काळातले आहे. 1961 च्या अखेरीस अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याची माणसे दाक्लाक प्रांतात बुऑन एनाओ नावाच्या राडे गावात गेली. गाव चारशे वस्तीचे. गावकीशी कित्येक दिवस बोलणी झाली. गावाने काय मागितले ते बघा: सरकारी सैन्याने राडे आणि जाराय गावांवर हल्ले थांबवावेत, ज्यांना बंडखोरांनी जबरदस्तीने कामाला लावले त्यांना शिक्षा करू नये, दवाखाना द्यावा, मुलांना शिक्षण द्यावे, शेतीला मदत करावी. बदल्यात गावाने भोवती कुंपण घातले आणि आम्ही सरकारच्या बाजूचे अशी पाटी लावली. पहिले पहारे तीरकामठे आणि भाले घेऊन झाले. बंदुका नंतर आल्या. वर्षभरात अशी दोनशेच्या आसपास गावे झाली. पूर्णवेळ पगारी होत्या त्या फिरत्या तुकड्या. गावरक्षक आपले शेत सांभाळून पहारा करत. हा भाडेकरार म्हणायचा असेल तर म्हणा. मला तरी हा दोन संकटांच्या मधे सापडलेल्या गावाने केलेला सौदा वाटतो, आणि सौदा वाईट नव्हता. तो मोडला दुसऱ्या बाजूने. 1963 मध्ये हे काम अमेरिकी सैन्याकडे आणि पुढे सायगॉनच्या प्रांताधिकाऱ्यांकडे गेले. ज्यांना आपल्याविरुद्ध निवेदने देणारे डोंगरी लोक आठवत होते, त्यांना त्यांच्या हातात बंदुका नको होत्या. शस्त्रे परत घेणे सुरू झाले. तरुणांना गावापासून दूर सीमेवरच्या तळांवर हलवले गेले.

पगार मिळत होता, हे खरे आहे. ते लपवायचे कारण नाही. पण नुसत्या पगारासाठी लढणारा 19 आणि 20 सप्टेंबर 1964 च्या रात्री जे झाले ते करत नाही. त्या रात्री बुऑन मा थुओतच्या आसपासच्या तळांवर डोंगरी सैनिकांनी आपल्याच व्हिएतनामी अधिकाऱ्यांवर शस्त्र धरले. कित्येक व्हिएतनामी त्यात मारले गेले, काहींना बांधून मारले. हे मी झाकणार नाही. शहराबाहेरचे रेडिओ केंद्र त्यांनी काही काळ ताब्यात घेतले. अमेरिकी सल्लागारांना त्यांनी इजा केली नाही, नुसते बाजूला बसवले. पगार देणारा धनी बाजूला बसवून, त्याच्याच मित्रसरकारविरुद्ध उठणारा ‘भाडोत्री’ मी तरी दुसरा वाचलेला नाही. बुऑन ब्रियेंगच्या तळावर मात्र उठाव टळला. तिथल्या अमेरिकी कप्तानाने राडे आणि व्हिएतनामी अशा दोन्ही प्रमुखांना एका विधीला बसवले, रांजणातली तांदळाची दारू लांब नळीने तिघेही प्याले, मनगटांत पितळेची कडी घातली गेली. दारू कुठे कामाला येईल सांगता येत नाही.

या उठावामागच्या संघटनेचे नाव फुलरो: दडपलेल्या वंशांच्या मुक्तीची संयुक्त आघाडी. आणि इथेही एक तिसरा हात होताच. कंबोडियाच्या सैन्यातला लेस कोसेम हा चाम अधिकारी त्यात होता, आणि नॉम पेन्हला, म्हणजे कंबोडियाच्या सरकारला, दक्षिण व्हिएतनामच्या जमिनीबद्दल जुनी स्वप्ने होती. ई बाम सीमा ओलांडून कंबोडियाच्या मोंडुलकिरीत गेला आणि त्या संघटनेचा चेहरा झाला. सायगॉनने मग प्लेकूला परिषद बोलावली, तेव्हाचे सत्ताधारी जनरल न्गुएन खान्ह स्वतः आले, रूढीची न्यायालये परत देऊ, शाळेत मातृभाषा आणू असे मान्य केले. 1966 मध्ये डोंगरी लोकांसाठी सरकारचा विशेष विभाग झाला, पुढे त्याचे अल्पसंख्याकांसाठीचे मंत्रालय झाले, आणि बाजाराकातलाच पॉल नुर हा बाहनार त्याचा प्रमुख झाला. जमिनीचे पट्टे मात्र मागे पडले. नेहमीप्रमाणे.

युद्धाचे वर्णन मी करत बसत नाही, आपल्या लेखात लढाया आहेत. फक्त त्या लढाया कोणाच्या परसात झाल्या ते लिहायचे राहून गेले. प्ले मे, या द्रांग, दाक तो, लांग वेई ही नावे नकाशावर आहेत, ती सगळी डोंगरी लोकांच्या मुलखातली. 1967 मध्ये सरकारने हजारो जाराय गावकऱ्यांना उचलून एदाप एनांगच्या वसाहतीत नेऊन ठेवले, रान मोकळे करून बॉम्ब टाकता यावेत म्हणून. पुष्कळ जण रातोरात पळून गेले. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या बाजूने दाक सोन या स्तियेंग लोकांच्या गावात ज्वालाफेकी यंत्रे घेऊन प्रवेश केला आणि 252 माणसे मेली, बहुतेक बायका-मुले. या दोन वाक्यांत कोणाची बाजू घ्यायची, ते मला एकतीस वर्षे इतिहास शिकवूनही सांगता येणार नाही.

मार्च 1975 मध्ये उत्तरेच्या सैन्याने शेवटचा घाला घातला तो बुऑन मा थुओतवरच. पुढच्या महिन्यात नॉम पेन्ह पडले, ई बाम आणि त्याचे साथी तिथल्या फ्रेंच दूतावासात आसऱ्याला गेले, तिथून त्यांना बाहेर काढले गेले आणि कंबोडियाच्या कम्युनिस्ट ख्मेर रूजने त्यांना मारले. आणि मुक्ती आघाडीने डोंगरी लोकांना दाखवलेली स्वायत्त प्रदेशांची आशा? तिचा नमुना म्हणून उत्तरेत जे दोन स्वायत्त प्रदेश होते, व्हिएत बाक आणि ताय बाक, तेही 1975 च्या डिसेंबरात रद्द झाले. त्यानंतर ‘नव्या अर्थव्यवस्थेची क्षेत्रे’ आली, सपाटीवरचे लोक पुन्हा हजारोंनी वर आले, या वेळी लाल झेंड्याखाली. दिएम यांचीच योजना, वेगळ्या शाईत. मग कॉफी आली. आज व्हिएतनाम कॉफीत जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि त्यातली बरीचशी याच पठारावर पिकते.

फुलरोचे उरलेले लोक जंगलात लढत राहिले. 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना कंबोडियात असताना मोंडुलकिरीच्या रानात सुमारे चारशे जण सापडले, बायका-मुलांसह. ते कशाची वाट पाहत होते, तर ई बाम एनुओलच्या आदेशाची. त्याला जाऊन सतरा वर्षे झाली होती. हे त्यांना तिथे कळले. त्यांनी शस्त्रे ठेवली आणि त्यांना अमेरिकेत उत्तर कॅरोलायनाला नेले गेले. तिथे 1986 मध्ये त्यांचे दोनशेएक लोक आधीच पोचले होते. ही बातमी वाचली तेव्हा वडील हयात होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, नुसती दोन बोटे वर केली, आणि आत गेले.

मुलगी नोकरीनिमित्त हो ची मिन्ह शहरात असताना मी एकदा रात्रीच्या बसने बुऑन मा थुओतला जाऊन आले. चौकात रणगाडा उभा आहे, 1975 च्या विजयाचा. संग्रहालयाची इमारत लांबघराच्या धर्तीवर बांधलेली, आणि माहितीफलकांवर एडे भाषाही आहे, याचे मला खरोखर बरे वाटले. शहरातच असलेल्या आको ढोंग गावात एका लांबघराच्या लाकडी जिन्यावर कोरलेले स्तन आणि चंद्रकोर बघितली. घर बाईचे आहे, याची ती पाटीच. खालच्या मजल्यावर कॉफीचे दुकान होते. दुकान कोणाचे, असे मी विचारले. मुलगी हसली आणि म्हणाली, ‘आई, इथे असले प्रश्न विचारू नयेत.’ ती बरोबर होती. 2001 आणि 2004 मध्ये याच भागात जमिनीसाठी आणि आपल्या प्रार्थनागृहांसाठी मोठे मोर्चे निघाले, ते मोडले गेले, कित्येक जण सीमा ओलांडून गेले. जून 2023 मध्ये याच प्रांतात दोन कम्यून कार्यालयांवर सशस्त्र हल्ला होऊन पोलिसांसह नऊ जण मेले. जानेवारी 2024 च्या खटल्यात शंभर आरोपी होते आणि दहांना जन्मठेप झाली. त्या हल्ल्याचे समर्थन मी करत नाही, पण ‘पन्नास वर्षांपूर्वी संपलेले युद्ध’ हे आपल्या लेखाचे शीर्षक तिथे नीट बसत नाही.

माझी मागणी लहान आहे. पुढच्या रविवारी त्या ओळीची दुरुस्ती छापावी. ‘भाडोत्री’ आणि ‘टोळीवाले’ काढावे आणि माहीत असेल तर त्यांच्या जमातीचे नाव लिहावे. नसेल माहीत तर ‘मध्य पठारावरचे सैनिक’ पुरे. त्याच छायाचित्रातल्या अमेरिकी सैनिकाच्या नावाची चौकशी करून ते आपण छापले आहे, पदासकट.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका

ता. क. लेखात त्या शहराचे नाव एकदा ‘बान मे थुओत’ आणि एकदा ‘बुओन मा थुओट’ असे आले आहे. पहिले फ्रेंच-अमेरिकी काळातले, दुसरे आजचे. मूळ राडे शब्द ‘बुऑन अमा थुओत’. बुऑन म्हणजे गाव, अमा म्हणजे बाप. राडे माणूस मूल झाल्यावर मुलाच्या नावाने ओळखला जातो. थुओतच्या बापाचे गाव, एवढाच त्याचा अर्थ.